वागणुकीचे अलिखित नियम : काही खानदेशी निरीक्षणे

सरकारचे कायदे छापलेले असतात. महाविद्यालयाचे नियम माहितीपत्रकात असतात. क्रिकेटच्या नियमांचेही पुस्तक मिळते. परंतु पाहुण्याने पहिल्या आग्रहाला ‘नको’ म्हणावे की ‘वाढा’ म्हणावे, थोरांशी बोलताना त्यांच्या डोळ्यांत पाहावे की नजर खाली ठेवावी, गाडीत तिघांच्या बाकावर चौथ्याला जागा करून द्यावी की नाही, हे कोठेही छापलेले नसते. तरीही ते आपणां सर्वांना ठाऊक असते. किंबहुना दिवसभरात छापील कायद्यांपेक्षा या न छापलेल्या नियमांचेच पालन आपण अधिक निष्ठेने करीत असतो. आणि गंमत अशी की, आपण एखादा नियम पाळीत आहोत याची जाणीवही आपल्याला नसते. ‘असेच वागायचे असते’ एवढेच आपल्याला वाटत असते.

समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमात आपण यांना लोकरीती आणि लोकनीती या नावांनी ओळखतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विल्यम ग्रॅहॅम सम्नर यांनी १९०६ साली या विषयावर ग्रंथ लिहून ही कल्पना रूढ केली. लोकरीती मोडली तर लोक हसतात, नाके मुरडतात. लोकनीती मोडली तर लोक संतापतात. याच ग्रंथात सम्नर यांनी आणखी एका प्रवृत्तीची चिकित्सा केली आहे. प्रत्येक समूह स्वतःला जगाचा मध्यबिंदू समजतो आणि इतरांची मोजदाद आपल्याच मापाने करतो. परीक्षेसाठी आपण ही व्याख्या पाठ करतो. परंतु ती आपल्याच गावात, आपल्याच वर्गात कशी वावरते, इकडे आपले लक्ष जात नाही. प्रस्तुत लेखात मी तिकडेच लक्ष वेधू इच्छिते.

सीमेवरचे गाव

या विषयाच्या अभ्यासासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. आपले दोंडाईचा तापीच्या खोऱ्यात, सुरत-भुसावळ लोहमार्गावर वसले आहे. पश्चिमेला गुजरात, उत्तरेला सातपुडा आणि त्यापलीकडे मध्य प्रदेश. मिरचीच्या हंगामात बाजारपेठेतून एक फेरी मारली तर अहिराणी, गुजराती, मारवाडी, हिंदी, गुजर घरांतली गुजरी, भिल्ल बांधवांची बोली आणि शाळा-कचेरीतली प्रमाण मराठी अशा किती तरी भाषा कानांवर पडतात. सर जॉर्ज ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषांची जी प्रचंड पाहणी केली तिच्यात मराठीला सातवा खंड दिला. पण खानदेशीचा समावेश मात्र नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, १९०७ साली, भिल्लांच्या बोलींबरोबर केला. अहिराणीचे नाते कोणाशी, हा वाद बाजूला ठेवू. एवढे मात्र खरे की आपण सीमेवर राहतो. आणि जेथे भाषांची सीमा असते तेथे बहुधा वागणुकीचीही सीमा असते.

‘तू’ आणि ‘तुम्ही’

पहिले उदाहरण एका अक्षराचे आहे. आमच्याकडील अनेक अहिराणी घरांत मुलगा बापाला सहज विचारतो, “आबा, तू कवय उना?” आबा केव्हा आले, एवढाच प्रश्न. यात बापाचा अपमान झाला असे बापाला वाटत नाही, मुलाला वाटत नाही, की ओट्यावर बसलेल्या आजोबांनाही वाटत नाही. आदर तेथेही असतो. परंतु तो क्रियापदाच्या प्रत्ययात नसून ‘आबा’, ‘नाना’, ‘अप्पा’, ‘बापू’ या संबोधनात असतो, बोलण्याच्या सुरात असतो, आबा आले की खाटेवरून उठण्यात असतो. प्रमाण मराठीने हे काम आदरार्थी बहुवचनाकडे सोपविले आहे. तिच्यात ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ अशा तीन पायऱ्या आहेत. हिंदीतही ‘तू’, ‘तुम’, ‘आप’ अशा तीनच पायऱ्या आहेत. पण त्यांची उंची मराठीसारखी नाही, कारण हिंदीत परक्या थोर माणसाला ‘तुम’ म्हणणे म्हणजे भांडणाला आमंत्रणच.

बरे, प्रमाण मराठीचा नियम तरी सरळ आहे काय? ज्या घरांत बापाला ‘अहो बाबा’ म्हणतात, त्यांतल्या बहुतेक घरांत आईला ‘अगं आई’च म्हणतात. म्हणून आईचा मान कमी असे कोणी म्हणणार नाही. पंढरीच्या विठोबाला तर आपण कधीच ‘अहो’ म्हणत नाही. म्हणजे एकेरी हाक ही अनादराची खूण आहे तशीच ती जवळिकीचीही खूण आहे. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन या दोन अभ्यासकांनी १९६० साली युरोपीय भाषांतील सर्वनामांविषयी हाच विचार मांडला. त्यांच्या मते या सर्वनामांमागे दोन शक्ती काम करतात, एक सत्तेची व दुसरी जवळिकीची. कोणता समाज कोणत्या शक्तीला किती वाव देतो, यावरून ‘तू’चा अर्थ ठरतो.

हा अर्थ एखाद्या पिढीत बदलूही शकतो. स्वीडनमध्ये पूर्वी परक्या माणसाशी बोलताना त्याच्या हुद्द्याचा उल्लेख करण्याची रीत होती. १९६७ साली तेथील आरोग्य खात्याचे प्रमुख ब्रूर रेक्सेड यांनी, आपण कार्यालयात सर्वांना एकेरीच संबोधणार, असे जाहीर केले. हे वारे आधीपासून वाहत होते; परंतु त्यानंतर ते साऱ्या देशात पसरले. आज तेथे विद्यार्थी प्राध्यापकांना एकेरीत हाक मारतात आणि कोणाला काही वाटत नाही. आपल्याकडेही बदल होतच आहे. आमच्या आज्या नवऱ्याचे नाव घेत नसत. त्यांच्या नाती आता नवऱ्याला ‘अरे’ म्हणतात.

विचारपूस, आभार आणि निरोप

दुसरे उदाहरण रस्त्यातल्या भेटीचे. आपल्याकडे खेड्यातला माणूस समोरून येणाऱ्याला “कथा चालना?” म्हणून विचारतो. कोठे निघालास, याचे खरे उत्तर त्याला नकोच असते. “आठेच” किंवा “बाजारमा” एवढे म्हटले की झाले. हा प्रश्न नसून रामराम आहे. चीनमध्ये ‘जेवलात का?’ हे असेच एक जुने अभिवादन आहे आणि इंग्रज मनुष्य त्याच जागी हवापाण्याविषयी बोलतो. पण महाराष्ट्रातच अशीही पुष्कळ घरे आहेत की जेथे बाहेर निघालेल्या माणसाला ‘कुठे?’ म्हणून टोकणे अशुभ मानतात. कामाला निघालेला अशा घरातला मनुष्य आणि “कथा चालना?” विचारणारा आपला शेतकरी समोरासमोर आले म्हणजे काय होईल? एकाला वाटेल, ‘काय हा अपशकुन!’ दुसऱ्याला वाटेल, ‘किती शिष्ट मनुष्य, बोलायलाही तयार नाही!’ दोघेही आपापल्या परीने सभ्यपणानेच वागत असतात.

आभाराचेही तसेच. इंग्रजी घरात मीठ पुढे सरकवले तरी आभार मानतात. आईचे मानतात, मुलाचेही मानतात. आपल्याकडे ‘आभारी आहे’ हा शब्द सभेत किंवा अर्जाच्या शेवटी शोभतो. भाकरी वाढणाऱ्या आईला कोणी ‘आभारी आहे’ म्हटले तर तिला प्रथम हसू येईल आणि मग मुलगा परका झाला की काय अशी शंका येईल. आपले आभार कृतीत असतात. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तर वाटी रिकामी परत करावयाची नाही, हा आपला आभारप्रदर्शनाचा विधी आहे. फ्रेंच विद्वान मार्सेल मोस यांनी १९२५ साली देणगीविषयी जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्याचा गाभा हाच आहे : देणे, स्वीकारणे आणि परत करणे ही तिन्ही बंधने असतात, जरी ती स्वेच्छेची वाटली तरी.

जेवताना पुरे झाले हे सांगण्याचीही भाषा असते. आपण ताटावर आडवा हात धरतो. अरबस्तानातील बदाऊनी लोकांत कॉफी पुरे झाली म्हणजे पाहुणा रिकामा पेला जरासा हलवून परत देतो. न हलवता दिला तर पुन्हा भरला जातो. आणि निरोप घेताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. आपले गुजराती शेजारी निरोपाला ‘आवजो’ म्हणतात, म्हणजे ‘या’. येथे मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंचा नियम एकाच भावनेतून आलेला दिसतो. सारेच वेगळे असते असे नव्हे, हेही अभ्यासकाने ध्यानात ठेवले पाहिजे.

नियम मोडला की दिसतो

हे नियम जर आपल्याला दिसत नाहीत, तर त्यांचा अभ्यास करावयाचा कसा? अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ हॅरोल्ड गार्फिंकेल यांनी त्यासाठी एक युक्ती काढली. त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना सांगितले की, पंधरा मिनिटांपासून तासाभरापर्यंत तुम्ही स्वतःच्याच घरात भाडेकरूसारखे वागा. परवानगी घेऊन पाणी प्या, विचारल्याखेरीज बोलू नका, आईवडिलांशी औपचारिक भाषेत बोला. विद्यार्थी अत्यंत सभ्य वागले. आणि घरोघरी गोंधळ उडाला. कोणी विचारले, तू आजारी आहेस काय? कोणी रागावले. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात हा वृत्तान्त आहे. यावरून दोन गोष्टी कळतात. एक, नियम दिसतो तो मोडल्यावरच. दुसरी आणि अधिक महत्त्वाची अशी की, नियम मोडणाऱ्याला ‘याला नियम ठाऊक नसेल’ असे कोणी म्हणत नाही. लोक थेट त्याच्या स्वभावावर जातात. तो उद्धट, तो आजारी, तो गर्विष्ठ असे ठरवून मोकळे होतात.

माझ्या मते या साऱ्या विषयाचे मर्म येथेच आहे. वाहतुकीचा नियम मोडला तर दंड होतो, माणूस वाईट ठरत नाही. अलिखित नियम मोडला तर दंड होत नाही, पण माणूसच वाईट ठरतो.

एडवर्ड हॉल या मानववंशशास्त्रज्ञांनी १९६६ साली माणसामाणसांतील अंतराचे मोजमाप मांडले. त्यांच्या अमेरिकन नमुन्यात अठरा इंचांपर्यंतचे अंतर अगदी जवळच्या माणसांसाठी, तेथून चार फुटांपर्यंतचे मित्रांसाठी आणि चारपासून बारा फुटांपर्यंतचे कामकाजासाठी राखलेले आढळले. हे माप घेऊन कोणी आपल्या सुरत-भुसावळ मार्गावरील पॅसेंजर गाडीत बसला तर त्याचे काय होईल? “जरा सरकून घ्या” म्हणत चौथा मनुष्य टेकतो, मग पाचवे एखादे मूल मांडीवर येते आणि नंदुरबार येईपर्यंत डबे उघडून चटणी-भाकरीची देवघेवही होते. त्या परदेशी प्रवाशाला हे अतिक्रमण वाटेल. आपल्याला मात्र रिकामी जागा पाहूनही पाय पसरून बसलेला तो प्रवासीच माणूसघाणा वाटेल.

आता हाच न्याय आपल्या वर्गाला लावून पाहू. खेड्यावरून येणारा आमचा एखादा वर्गबंधू उत्तर देताना नकळत ‘तू’ म्हणून जातो. वर्गात हशा पिकतो. ‘काय गावंढळ आहे!’ असे पाठीमागच्या बाकावरून ऐकू येते. त्याने काय केले? त्याने आपल्या घरचा आदराचा नियम नीट पाळला. फक्त तो नियम या खोलीत चालत नाही, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. त्यानंतर तो वर्षभर तोंड उघडत नाही. मी शाळेपासून आजपर्यंत अशी मुले-मुली अनेक पाहिली आहेत. त्यांना विषय समजत नव्हता असे नाही. त्यांना आपल्या बोलण्याची धास्ती वाटू लागली होती. आपल्या भागातून कितीतरी कुटुंबे कामधंद्यासाठी सुरतेला जाऊन राहिली आहेत. नोकरीच्या मुलाखतींसाठी मुले पुण्या-मुंबईला जातात. तेथे हीच अडचण त्यांच्यापुढे उभी राहते. गुणपत्रिकेत बसत नाही असा हा एक विषय आहे, आणि त्यात नापास झालेल्याला आपण कशात नापास झालो हे कळत नाही.

नात्यांचे नियम

काही अलिखित नियम हसण्यावारी नेता येत नाहीत. महाराष्ट्रातील पुष्कळ जातींत मामाच्या मुलीशी लग्न होऊ शकते. किंबहुना तिच्यावर हक्क असल्यासारखे बोलले जाते. गुजरात-राजस्थानातील बहुसंख्य हिंदू जातींत मात्र मामेबहीण ही बहीणच; तिच्याशी लग्न ही कल्पनाच त्यांना असह्य वाटते. डॉ. इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातील नातेसंबंधांवर जो ग्रंथ इंग्रजीत लिहिला, त्यात उत्तरेची आणि दक्षिणेची पद्धत वेगळी कशी, आणि महाराष्ट्र या दोहोंच्या मधोमध कसा येतो, हे सविस्तर दाखविले आहे. लग्नसंबंधांच्या या नियमांतून घरातले वागणेही ठरते. उत्तरेत सून परक्या घरातून येते, म्हणून सासऱ्या-दिरांसमोर घुंगट. दक्षिणेत ती बहुधा नात्यातलीच, म्हणून मोकळेपणा अधिक. आपल्या एकाच गल्लीत एका घरची सून सासऱ्यासमोर तोंडभर पदर ओढते, दुसऱ्या घरची केवळ डोक्यावर घेते आणि तिसऱ्या घरची सासऱ्याशी राजकारणावर वाद घालते. तिघींनाही आपल्या घरची रीत हीच खरी रीत वाटते.

सर्वच नियम आदरास पात्र आहेत काय?

येथवर वाचून कोणी म्हणेल, ‘म्हणजे ज्याची त्याची रीत, ज्याची त्याला बरी!’ तसे मला म्हणावयाचे नाही. हा निष्कर्ष किती घातक आहे, हे आपल्याच खानदेशातील एका घटनेवरून कळते.

१९२९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई सरकारने नेमलेल्या एका समितीचे सभासद म्हणून अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी खानदेशात आले होते. धुळे मार्गावरील एका खेड्यात अस्पृश्यांवर घातलेल्या बहिष्काराची माहिती घेऊन ते चाळीसगावला परतले. तेथील महार मंडळींनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला होता. महारवाडा स्टेशनापासून सुमारे दोन मैलांवर होता. स्टेशनवर टांगे होते. पण एकही टांगेवाला त्यांना घेऊन जाण्यास तयार होईना. शेवटी तडजोड निघाली की टांगा भाड्याने मिळेल, पण टांगेवाला हाकणार नाही. मंडळींपैकीच एकाने टांगा हाकला. त्याला हाकण्याचा सराव नव्हता. नदीवरील फरशीवर चाक अडकले, बाबासाहेब खाली फेकले गेले, त्यांचा पाय मोडला आणि घोडा टांग्यासह नदीत कोसळला. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

या प्रसंगात दोन अलिखित नियम समोरासमोर उभे आहेत. ‘आपला पाहुणा पायी चालता कामा नये’ हा यजमानांचा नियम. आणि ‘अस्पृश्याचा टांगा आपण हाकावयाचा नाही’ हा टांगेवाल्यांचा नियम. दोन्ही कोठे लिहिलेले नव्हते, दोन्ही निष्ठेने पाळले गेले. परंतु त्यांना एका तराजूत घालता येईल काय? पहिला नियम दुसऱ्याला मान देतो, दुसरा नियम दुसऱ्याचा मान हिरावून घेतो. विलायतेतून बॅरिस्टर होऊन आलेल्या विद्वानाची विद्वत्ताही त्या नियमापुढे चालली नाही. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ साली त्यासाठी शिक्षेचा कायदाही झाला. अलिखित नियमावर उपाय म्हणून लिखित नियम करावा लागला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

तेव्हा कसोटी कोणती? मला एक साधी कसोटी सुचते. नियमामुळे होणारा त्रास कोणाच्या वाट्याला येतो ते पाहावे. ‘तू’ की ‘तुम्ही’, ‘जातो’ की ‘येतो’, आडवा हात की हलविलेला पेला, यांत कोणाचेच काही जात नाही. दोन्ही बाजूंनी सारखेच पाळले जाते. परंतु जेथे एकच बाजू नेहमी उभी राहते आणि दुसरी नेहमी बसते, एक नेहमी आधी जेवते आणि दुसरी नेहमी उरलेले खाते, तेथे ती केवळ रीत नसते. सर्वांच्या शेवटी जेवणाऱ्या सुनेविषयी ‘आमच्याकडे अशीच पद्धत आहे’ असे म्हणणाऱ्यांनी ही कसोटी स्वतःच्या स्वयंपाकघरात लावून पाहावी.

म्हणून अभ्यासकाच्या अंगी दोन सवयी असाव्यात असे मला वाटते. पहिली, समोरच्याचे वागणे खटकले तर त्याला नाव ठेवण्यापूर्वी ‘हा कोणता नियम पाळत असेल?’ असे विचारणे. दुसरी, तो नियम सापडल्यावर ‘हा कोणाला लहान करतो?’ असे विचारणे. पहिल्या प्रश्नाने आपला उतावळेपणा कमी होतो, दुसऱ्याने आपला भोळेपणा.

हे केवळ लेखात राहू नये म्हणून प्राध्यापकांना व सहाध्यायांना एक सूचना करते. आपल्या वर्गात अहिराणी, गुजर, गुजराती, मारवाडी, मुसलमान, भिल्ल, पावरा अशा अनेक घरांतील मुले-मुली एकत्र बसतात. प्रत्येकाने आपल्या घरातील पाच अलिखित नियम वहीत लिहावेत : पाहुणा आल्यावर काय करतात, थोरांना कशी हाक मारतात, जेवताना कोण आधी बसते, काय विचारलेले चालत नाही, निरोप कसा घेतात. मग वह्यांची अदलाबदल करावी. समाजशास्त्राच्या तासाला एवढे एक प्रात्यक्षिक झाले तर, ज्यांच्या बोलण्याला आपण हसलो ते पहिल्यांदा शिकविणाऱ्याच्या जागी बसतील, आणि त्यांचे बोलणे आपल्याला शांतपणे ऐकावे लागेल.